फिर्यादीत नणंदेचे नाव

वाचकाचे पत्र : "मी 52 वर्षांची आहे. शाळेत गणित शिकवते आणि इंदूरच्या लोकमान्य नगरात यजमान व 78 वर्षांच्या आईसह राहते. धाकटा भाऊ आणि भावजय लग्नानंतर सहा वर्षे बेंगळुरूत होते. गेल्या पावसाळ्यात भावजय इंदूरला माहेरी परतली आणि दोन महिन्यांपूर्वी तिने महिला थान्यात रिपोर्ट लिहिली. तीत भावाबरोबर आई, मी आणि माझे यजमान अशी चौघांची नावे आहेत. 'शादी के बाद से ही सास, ननद और नंदोई दस लाख रुपये की मांग को लेकर शारीरिक एवं मानसिक रूप से प्रताड़ित करते रहे' असे लिहिले आहे, आणि 2022 च्या दिवाळीत मी बेंगळुरूच्या घरी तिला मारले, असेही आहे. त्या दिवाळीत आईचे खुब्याचे ऑपरेशन होते, मी इंदूर सोडलेलेच नव्हते. भावाचा आवाज चढतो, पण त्याने कधी हात उगारला नाही. आता मला थान्याची नोटीस आली आहे. आईला अटक होईल का? मामेभाऊ म्हणतो, तिचे दागिने आईच्या लॉकरमध्ये आहेत ते सोडू नका, उलट तिनेच दागिने चोरून नेले अशी रिपोर्ट करा. आयुष्यभर महिला मंडळात बायकांची बाजू घेतली. आता वाटते, हा कायदाच पुरुषांच्या आणि सासरच्या माणसांच्या विरुद्ध केलेला आहे. एकदा तिने फोन करून 'ताई, तुम्ही यांना समजवा' म्हटले होते, तेव्हा 'तुम्ही दोघांनी मिळून मिटवा' असे मी सांगितले होते. माझा संबंध इतकाच."

उत्तर :

ताई, आपल्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. आपले नाव फिर्यादीत खोटे घातले गेले, ही एक. आणि भावजयीची फिर्यादच खोटी आहे, ही दुसरी. पहिली आपण कागदांनिशी दाखवून देऊ शकता. दुसरी आपल्याला ठाऊक नाही, कारण ज्या घरात ती सहा वर्षे राहिली त्या घरात आपण नव्हता. वकिलीच्या इतक्या वर्षांत मी पाहिले आहे, की निरपराध नातेवाईक अडकतात ते बहुतेक वेळा याच जागी : स्वतःपुरते बोलण्याऐवजी ते सगळ्या घराची हमी देऊन बसतात आणि मग घराच्या हमीत जे टिकत नाही त्याने त्यांचे स्वतःचे खरे म्हणणेही संशयास्पद होते.

आईंच्या अटकेची धास्ती आपल्याला झोपू देत नसणार, म्हणून आधी ते. पती आणि सासरच्या माणसांकडून होणाऱ्या छळाविरुद्ध 1983 साली दंड संहितेत आलेले 498-अ हे कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 85 आणि 86 या क्रमांकांनी आहे; त्या तारखेआधीच्या घटनांना जुने कलम लागते आणि नंतरच्यांना नवे, त्यामुळे आपल्या प्रकरणात कदाचित दोन्ही असतील. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, आणि यातला 'अजामीनपात्र' हा शब्द ऐकून माणसे हाय खातात. परंतु 2014 च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार प्रकरणात स्पष्ट सांगितले, की सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी आपोआप अटक करू नये. अटक का आवश्यक आहे याची कारणे लिहावीत, आणि ती नसतील तर नोटीस देऊन बोलवावे. आपल्याला आलेली नोटीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची असेल, तर ती अटकेची पूर्वसूचना नसून अटक न करण्याचा मार्ग आहे. दिलेल्या दिवशी दिलेल्या वेळी जा, हजेरीची नोंद झाली याची खात्री करा, आणि पुढची तारीख मिळाली तर ती लेखी घ्या. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची झाल्यास विवेचकाला, म्हणजे तपास अधिकाऱ्याला, कारणे नोंदवावी लागतात; न पाळणाऱ्याच्या बाबतीत मात्र ती कारणे आपणच त्याच्या हाती देतो.

व्हॉट्सॅपवर एक संदेश फिरतो, की साठ वर्षांवरील व्यक्तीला उपअधीक्षकांच्या परवानगीशिवाय अटक करताच येत नाही. आपल्या घरीही तो पोहोचला असेल. तरतूद खरी आहे, पण ती तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे आणि या कलमाची शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. एवढ्याशा फरकाने ती आपल्या उपयोगाची राहत नाही. तिच्यावर विसंबू नका. आईंसाठी अग्रिम जमानतीचा, म्हणजे अटकपूर्व जामिनाचा, अर्ज सत्र न्यायालयात करून ठेवावा. वय, खुब्याचे ऑपरेशन आणि बेंगळुरूत त्या कधी राहिल्याच नाहीत ही वस्तुस्थिती पाहता तो मिळण्यास अडचण येऊ नये. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी, अपवाद आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी सोडल्यास, अटक करता येत नाही, हेही त्यांना सांगा. रात्री दारावर थाप पडली की त्या दचकत असतील. घटना बेंगळुरूच्या आणि रिपोर्ट इंदूरला, यावर कुणी नातलग फुशारकीने बोट ठेवत असेल तर त्यांना थांबवा. सासर सोडून पत्नी जिथे आश्रयाला येते तिथेही तिला फिर्याद देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ठरवून टाकले आहे.

आता त्या वाक्याकडे येऊ. 'शारीरिक एवं मानसिक रूप से प्रताड़ित'. ताई, हे वाक्य मी शेकडो फिर्यादींत वाचले आहे, आणि बहुतेक वेळा ते फिर्यादी बाईचे नसते. ती थान्यात रडत, तुटक, मागचे पुढे करत सांगते. समोरचा मुंशी किंवा आधी गाठलेला वकील ते आपल्या ठरलेल्या साच्यात ओततो. त्या साच्यात सास, ननद आणि नंदोई आधीच बसलेले असतात. 'सगळ्यांची नावे टाका, म्हणजे समझौता लवकर होतो' असा सल्ला देणारे महाभाग आपल्या शहरात आहेत, आणि ते पुरुषही आहेत नि बायकाही. नाव कुठले, तारीख कुठली, कोण काय बोलले, काही नाही, केवळ नाते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये कहकशां कौसर प्रकरणात नेमक्या अशाच सरसकट आरोपांवरून सासरच्या नातेवाइकांविरुद्धची कारवाई रद्द केली, आणि डिसेंबर 2024 मध्ये दारा लक्ष्मी नारायण प्रकरणात तेच पुन्हा ठामपणे सांगितले. म्हणजे आपल्यासारख्यांसाठी रस्ता आहे, आणि तो मळलेला आहे.

परंतु आपल्याविरुद्ध एक नेमका आरोपही आहे, 2022 च्या दिवाळीचा, आणि गणिताच्या शिक्षिकेला हे पटेल, की सरसकट आरोपापेक्षा नेमका आरोप खोडणे सोपे असते. शाळेचे हजेरीपत्रक उपयोगाचे नाही, कारण तेव्हा सुट्टी असणार. आईंच्या रुग्णालयातून केसपेपरची प्रत मागवा. ऑपरेशनच्या संमतिपत्रावर जवळच्या नातेवाइकाची सही, तारीख आणि वेळ असते. ती सही आपली असेल, तर त्या एका कागदाइतका बोलका पुरावा दुसरा नाही. औषधांची बिले, त्या दिवसांत फोनवरून केलेली देणी, भावाशी किंवा भावजयीशी झालेले संदेश, सर्व जसेच्या तसे ठेवा. फोनमधले काहीही पुसू नका, जे आपल्याला अडचणीचे वाटते तेही नाही. हे सर्व एका अर्जासोबत विवेचकाकडे द्या आणि आवक शिक्क्याची प्रत घ्या. तरीही आपले नाव चालानात, म्हणजे आरोपपत्रात, आलेच, तर न्यायालयात आरोपमुक्तीचा अर्ज आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 528 खाली उच्च न्यायालयाच्या खंडपीठात याचिका, हे दोन्ही मार्ग उरतात.

आपण विचारता, की कायदाच एका बाजूचा आहे का. अर्नेश कुमार निकालातच काही आकडे आहेत, ते आपण आपल्या महिला मंडळासमोर एकदा वाचावेत असे मी सुचवीन. 2012 या एका वर्षात या कलमाखाली देशभरात 1,97,762 जणांना अटक झाली आणि त्यांत 47,951 स्त्रिया होत्या. स्त्रियांच्या संरक्षणासाठी केलेल्या कायद्याखाली अटक झालेल्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा स्त्रियांचा. चालान पेश होण्याचे प्रमाण 93.6 टक्के आणि दोषसिद्धी अवघी 15 टक्के. मामेभाऊ हे आकडे ऐकून म्हणतील, बघा, 85 टक्के बायका खोटे बोलतात. मला त्यात वेगळे दिसते. शंभरातल्या 93 प्रकरणांत चालान जाते, याचा अर्थ थान्यात काही चाळलेच जात नाही. खुब्याचे संमतिपत्र कुणी मागत नाही आणि शेजारणीचा जबाब कुणी घेत नाही. ज्या आळसाने आपले नाव यादीत राहिले, त्याच आळसाने खरोखर मार खाल्लेल्या बाईचे प्रकरणही न्यायालयात कोसळते.

पुरावा न मिळणे आणि फिर्यादच खोटी असणे, या फरकासाठी आपल्या मध्य प्रदेशात थान्याच्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत आणि ते लक्षात ठेवण्याजोगे आहेत. पुरावा मिळाला नाही म्हणून तपास बंद झाला तर 'खात्मा' लागतो. फिर्यादच निराधार किंवा गैरसमजातून दिलेली होती असे आढळले तर 'खारिजी'. घरोघरी मात्र दोन्हींना 'खोटी केस' असेच म्हणतात, आणि निर्दोष सुटल्यालाही तेच. निर्दोष सुटणे म्हणजे शंकेपलीकडे सिद्ध न होणे. कित्येकदा तर समझौता होऊन पोटगी ठरते, ठरल्याप्रमाणे पत्नी साक्षीत फिरते, आणि तिचाही आकडा त्या 85 टक्क्यांत जमा होतो.

कायद्यात पक्षपात नाही असे मी म्हणणार नाही. नव्या न्याय संहितेत प्रौढ पुरुषावरील लैंगिक अत्याचारासाठी कलमच ठेवलेले नाही, आणि त्याच संहितेत अठरा वर्षांवरील पत्नीवर पतीने केलेला बलात्कार हा बलात्कार ठरत नाही. एकाच पुस्तकात दोन्ही आंधळे ठिपके आहेत. पण 498-अ का आले, हे आपल्या पिढीने विसरू नये. 1972 मध्ये गडचिरोलीकडच्या देसाईगंज चौकीत मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले, कारण तिच्या अंगावर जखमा नव्हत्या म्हणून तिची संमती धरली गेली. पुढल्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चौघा कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, त्यातून बाहेर पडलेल्या चळवळीने बलात्काराचा कायदा 1983 मध्ये बदलला, आणि हुंडाबळींविरुद्ध त्याच काळात पेटलेल्या आंदोलनामुळे त्याच वर्षी 498-अ आले. तेव्हा बाई खोटेच बोलणार असे धरून चालत. आता थान्यात सासर दोषीच असणार असे धरून लिहितात. तपास न करता माणसाच्या जागेवरून निकाल देण्याची खोड तीच आहे, आणि तिचा फटका आज आपल्याला बसला. म्हणून कायदा रद्द करा अशा एखाद्या अर्जावर सही करू नका असे मी सांगणार नाही, तो आपला विचार. पण नोटिशीच्या आठवड्यात रागाच्या भरात ती करू नये इतके सांगते.

आता पत्राच्या शेवटच्या दोन ओळी. भावजयीच्या फोनचा उल्लेख आपण जाता जाता केला आहे, आणि मी सर्वांत जास्त विचार त्याच फोनचा केला. 'ताई, तुम्ही यांना समजवा.' काय समजवायचे होते, हे आपण विचारले होते का? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कुणाकडे तरी मदत मागणाऱ्या केवळ 14 टक्के निघाल्या. आपल्या भावजयीने काय सोसले हे मला माहीत नाही आणि आपल्यालाही नाही. ते कदाचित चढलेल्या आवाजापुरतेच असेल. पण तिने विचारले होते, आणि आपल्याला विचारले होते. हे मी आपल्याला टोचण्यासाठी लिहीत नाही. विवेचक किंवा उलटतपासणी घेणारा वकील आपल्याला हे विचारेल, तिच्या फोनमध्ये त्या कॉलची नोंद असेल, आणि तेव्हा 'आमच्या घरात कधी कुरबूरही झाली नाही' असे चौघांच्या सहीचे निवेदन आपण आधी दिलेले असेल, तर दिवाळीच्या त्या स्वच्छ पुराव्यावरही डाग पडेल. म्हणून असे संयुक्त निवेदन देऊ नका. आपले निवेदन आपले : मी कुठे होते, मी काय पाहिले, मला काय सांगितले गेले. फोन आला होता, मी असे उत्तर दिले, हेही त्यात असू द्या. 'त्याने कधी हात उगारला नाही' हे वाक्य नको. 'माझ्यासमोर उगारला नाही' हे खरे वाक्य आहे.

याच कारणाने आपण आणि यजमान भावाहून वेगळा वकील करा. आईंसाठीही शक्यतो आपलाच. घरात यावरून नाराजी होईल, 'आम्हाला टाकून निघालात' असे ऐकावे लागेल. तरीही करा. भावाचा बचाव आणि आपला बचाव आज एकसारखे दिसले तरी तीन पेश्यांनंतर तसे राहतीलच असे नाही, आणि एकच वकील दोघांचे हित सांभाळताना शेवटी ज्याने फी दिली त्याच्याकडे झुकतो, हे मी व्यवसायातली असूनही सांगते. भावाला एवढेच सांगा, की त्याने स्वतःविषयी काय खरे आहे ते निदान स्वतःच्या वकिलाला सांगावे. भावजयीला आपण स्वतः फोन करू नका, मनात माफी असली तरी. आज तो फोन दबाव म्हणून लिहिला जाईल. जे बोलायचे ते मध्यस्थी केंद्रात. तिथे तडजोड झाली तर गुन्हा रद्द करण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला आहे, हे 2003 च्या बी. एस. जोशी निकालापासून मान्य आहे.

शाळेत काय सांगावे याची काळजी पत्रात ओळींमागे दिसते. मुख्याध्यापिकांना एकदा, लेखी, चार ओळींत कळवा. बाकी कुणाला काही देणे लागत नाही.

राहिले मामेभाऊ. जे दागिने आईच्या लॉकरमध्ये आहेत, ते भावजयीने चोरले अशी रिपोर्ट करायची! ताई, एका खोट्या आरोपाने पोळलेल्या घरात बसून दुसरा खोटा आरोप रचला जातो आहे आणि कुणाला त्यात काही वावगे वाटत नाही, हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. न्याय संहितेचे कलम 217 लोकसेवकाला खोटी माहिती देणाऱ्याला लागते आणि 248 खोटा आरोप करणाऱ्याला. पुढे कधी आपण भावजयीविरुद्ध ज्यांचा विचार कराल तीच ही कलमे, आणि आज ती मामेभावाच्या सल्ल्याने आपल्यालाच लागू होतील. शिवाय स्त्रीधन हे पूर्णपणे पत्नीचे असते, सासरी ते केवळ ठेव म्हणून असते आणि ती ठेव अडवणे हा विश्वासघाताचा गुन्हा होतो, हे प्रतिभा राणी प्रकरणात 1985 सालीच ठरले आहे. म्हणजे आजवर ज्या आईंविरुद्ध काहीच नाही, त्यांच्याविरुद्ध पहिला खरा पुरावा त्या लॉकरमध्ये पडून आहे.

तो या आठवड्यात रिकामा करा. आईंना बँकेत न्यावे लागेल; खुब्याचा त्रास आहे, तेव्हा खालच्या मजल्यावर खुर्चीची सोय आधी फोन करून विचारा. वकिलाचा माणूस आणि भावजयीकडचे कुणी एक हजर असू द्या. ते येत नसतील तर आपल्या वकिलाकरवी लेखी कळवून दागिने थान्यात किंवा न्यायालयात जमा करा. एक-एक जिन्नस वजनासह लिहा, फोटो काढा, दोन प्रतींवर सह्या घ्या. लग्नात कुणी काय घातले हे आईंना तोंडपाठ असेल, त्यांच्याकडून यादी तपासून घ्या. त्या कदाचित म्हणतील, की पाटल्या माहेरच्या आहेत त्या तिला द्या, पण ठुशी आणि तोडे मी माझ्या हाताने सुनेला घातले होते, ते घरचे आहेत. त्यांना समजावून सांगावे लागेल, की सुनेला घातले म्हणूनच तेही यादीत येतात.